बुकिंगच्या दराबद्दल एक तारा देणाऱ्या साहेबांना आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आधी माफी मागतो. 23 जुलैला दुपारी आपण बुकिंगचा दर बदलून मागायला दुकानात आलात तेव्हा माझ्या तोंडून "सोनं म्हणजे काय मंडईतली भाजी आहे का?" असं निघून गेलं. सोबत आपले होणारे व्याही उभे होते. चारचौघांत असं बोलायला नको होतं. काउंटरवरच्या मुलानेही मान वर न करता उत्तर दिलं, असं आपण लिहिलंय. ते खरं आहे. त्याला समज दिली आहे.

उत्तराला चार महिने उशीर झाला, कारण मोबाइलवरचं हे सगळं मी बघत नाही. गेल्या आठवड्यात एक जोडपं पायरीपर्यंत आलं, मोबाइलमध्ये काहीतरी वाचलं आणि तसंच माघारी फिरलं. पुतण्याला विचारलं तेव्हा त्याने आपला अभिप्राय दाखवला. "बजेटची बातमी आधीच माहीत असून ग्राहकाला महाग दरात अडकवणारे लुटारू. मोठ्या शोरूममध्ये असं होत नाही. शेजारी तर बिलाशिवाय तीन टक्के स्वस्त देतात." सांगलीच्या सराफ कट्ट्यावर वडिलांच्या गादीवर बसून मला एकतीस वर्षं झाली. लुटारू हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले गेले.

आता नेमकं काय झालं ते लिहितो. वाचणाऱ्यांना फक्त तुमचीच बाजू माहीत आहे.

सोमवार, 22 जुलै 2024. संध्याकाळी तुम्ही चार तोळ्यांच्या पाटल्या आणि अडीच तोळ्यांचं मंगळसूत्र ठरवलंत, बावीस कॅरेटमध्ये. त्या दिवशी शुद्ध सोन्याचा दर तोळ्याला 73,200 च्या घरात होता. उद्या बजेट आहे, दर वाढला तर काय, हे तुम्हीच म्हणालात. म्हणूनच घाईने दर बांधून घेतलात, म्हणजे दागिने नेताना हाच दर लागायचा, आणि निम्म्या रकमेचा, सव्वादोन लाखांचा धनादेश दिलात. मंगळवारी अकरा वाजता निर्मला सीतारामन यांचं भाषण सुरू झालं आणि सोन्यावरचं आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. संध्याकाळपर्यंत तोळ्यामागे साडेतीन हजारांहून जास्त उतार. तुमच्या साडेसहा तोळ्यांतल्या शुद्ध सोन्याचा हिशेब केला तर एकवीस हजारांच्या वर फरक. वाईट वाटणारच. मलाही वाटलं असतं.

पण मला आधी माहीत होतं, हे कसं मानता? त्या दिवशी माझ्या दुकानात तयार मालच एकशे दहा तोळे होता. त्याची किंमत एका दुपारी साडेतीन लाखांनी उतरली. बातमी ठाऊक असलेला माणूस आदल्या रात्री तिजोरीत एवढं सोनं ठेवून झोपतो का?

तुमचे पैसे घेतल्यावर मी काय केलं, तेही सांगतो. त्याच संध्याकाळी साडेसहा वाजता कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, फोन करून तुमच्या नावाचं सोनं सोमवारच्याच दराने उचललं. तुमचा धनादेश वटायचा होता आणि उरलेली निम्मी रक्कम तर तुमच्याकडेच होती, त्यामुळे पैसे माझ्या कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या कर्जखात्यातून गेले. गुजरीत सौदा तोंडी होतो, आणि बोललेला शब्द मोडला की पुढच्या वेळी फोन उचलत नाहीत. म्हणजे मंगळवारी तुम्ही "रद्द करा, नव्या दराने लावा" म्हणालात तेव्हा ते एकवीस हजार माझ्या गल्ल्यात नव्हतेच. ते सोमवारीच गेले होते.

दुसरा रस्ता मला माहीत नव्हता असं नाही. बुकिंगचे पैसे घ्यायचे, सोनं उचलायचं नाही, बजेटनंतर बघू म्हणायचं. कट्ट्यावर असं करणारे आहेत. मी तसं केलं असतं तर एकवीस हजार घरबसल्या सुटले असते, त्यातले दहा हजार तुम्हाला परत देऊन तुमच्याकडून पाच तारेही मिळवले असते. पण दर वर गेला असता तर? मग तुमच्या मुलीच्या पाटल्या कुठून दिल्या असत्या? गिऱ्हाइकाच्या पैशावर सट्टा खेळायचा नाही, एवढं एकच वडिलांनी शिकवलं. बाकी धंदा मी माझा मीच शिकलो. 2019 मध्ये एका सराफाकडे भिशीत अडकलेले लोक टीव्हीवर रडताना पाहिले तेव्हाच आमची भिशीसुद्धा मी बंद केली. त्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं तुटली.

उलट बाजूचंही ऐका. 1 जुलै 2022 ला सरकारने हेच शुल्क 10.75 वरून 15 टक्के केलं. आदल्या दिवशी दर बांधलेल्या सगळ्यांना जुन्याच दराने दागिने दिले. 2024 च्या फेब्रुवारीत बासष्ट-त्रेसष्ट हजारांनी बांधलेले गुढीपाडव्याला दागिने घेऊन गेले तेव्हा दर एकाहत्तरच्या पुढे होता. एकानेही वरचे आठ हजार देऊ केले नाहीत. देऊही नयेत, मी मागितलेही नाहीत. आपण बँकेतून निवृत्त झालात असं आपणच सांगितलंत. मुदतठेव मधेच मोडली तर बँक व्याज कापते. ठेव ठेवल्यावर व्याजदर उतरले म्हणून मात्र बँक ठेवीदाराकडे पैसे मागायला जात नाही. दर बांधणं म्हणजे दुसरं काय?

मोठ्या शोरूमबद्दल. बुकिंगचा दर आणि नेण्याच्या दिवशीचा दर, यांतला जो कमी तो लावतात, हे खरं आहे. पण त्याची किंमत कुठून तरी वसूल होतेच. तिथे पाटल्यांची घडणावळ सोळा टक्के सांगितली म्हणून तुम्ही आमच्याकडे आलात, आमची नऊ. हे तुम्हीच चहा पिताना बोललात. (चहा मिळाला नाही असंही अभिप्रायात आहे. सोमवारी दोनदा झाला होता, मंगळवारी राहिला.) आणि शुल्ककपातीचा फटका त्यांनाही चुकला नाही. तनिष्क चालवणाऱ्या टायटनसारख्या कंपनीने जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत या कपातीपायी 290 कोटींचा तोटा दाखवला. त्यांचा तोटा लाखो भागधारकांत वाटला जातो. माझ्याकडे भागधारक म्हणजे मी, धाकटा भाऊ आणि बँकेचा मॅनेजर.

बिलाशिवाय तीन टक्के स्वस्त, याबद्दल जास्त लिहीत नाही. कट्ट्यावर राहायचंय. एवढंच सांगतो की बिल नसेल तर उद्या दागिना मोडताना वजन आणि कॅरेट समोरचा म्हणेल तेच. तुमच्या दोन्ही नगांवर अक्षरं-आकडे मिळून सहा चिन्हांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक आहे, बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघा. एप्रिल 2023 पासून तो नियमच आहे. हॉलमार्कचे नगामागे 45 रुपये आणि त्यावरचा कर बिलात वेगळा दाखवलाय, "लपवलेला चार्ज" तुम्ही म्हणताय तो हाच.

आता जे लिहावं की लिहू नये असं झालं होतं, तेही लिहितो. धनत्रयोदशीला तुम्ही सहकुटुंब येऊन दागिने घेऊन गेलात. त्या दिवशी दर 78 हजारांच्या पुढे होता. तुम्हाला लावला 73,200, ठरला होता तोच. साडेसहा तोळ्यांवर बत्तीस हजारांच्या वर फरक, या वेळी तुमच्या बाजूने. शिवाय मंगळसूत्राची घडणावळ मी निम्मी केली, जुलैच्या बोलण्याची भरपाई म्हणून. बिलावर ती सवलत लिहिलेली आहे. वहिनींनी पेढे दिले, हसून गेलात. अभिप्राय मात्र जुलैतलाच राहिला, तारा एकच.

काढून टाका असं म्हणत नाही. तुमचा हक्क आहे. पण लग्नसराई तोंडावर आहे, कामाला पाच कारागीर आहेत, त्यातले तीन बंगालहून आलेले. त्यांचा पगार या तिमाहीत कसा भागवायचा हे अजून ठरलेलं नाही.

आमची एक चूक मात्र कबूल करतो. बांधलेला दर दोन्हीकडून पक्का, ही अट आमच्या पावतीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत होती. ती आता मराठीत, पुढे आणि ठळक छापून घेणार आहोत. छपाईवाल्याला सांगितलंय, दिवाळीच्या गर्दीत राहून गेलं. बजेटच्या आठवड्यात बुकिंग घ्यायचं की नाही यावरही विचार चालू आहे. बसायला खुर्च्याही वाढवतोय.

मुलीच्या लग्नाला शुभेच्छा. मंगळसूत्र ओवताना उरलेले काळे मणी पुडीत बांधून ठेवलेत, न्यायचे राहिलेत. पाटल्यांना लग्नाआधी पॉलिश हवं असेल तर सकाळी अकरानंतर या, त्याचे पैसे लागणार नाहीत. मी नसलो तर भाऊ असेल.

आपला,
दुकानमालक, सराफ कट्टा, सांगली