तोंडाला टेप लावण्याआधी जरा नाकाकडे बघा

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. 'सीपॅप लावूनही सकाळी तोंड कोरडं पडतं? डॉक्टर कधीच सांगणार नाहीत असे ६ उपाय' असा ठळक मथळा, मध्ये हात जोडलेल्या इमोजींची रांग आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. (सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन.) इतके दिवस दिसला की मी तो न वाचता डिलीट करत होते. मग तो मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, 'टेप आणून ठेवली आहे. आजपासून लावते.' मावशीला बारमाही सर्दी. एक नाकपुडी मोकळी असेल तर दुसरी हमखास चोंदलेली. मी तडक फोन केला, तर म्हणते, "अगं, सगळे लावतात म्हणे!" हे सगळे म्हणजे कोण, ते तिलाही ठाऊक नाही. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांनी मेसेज वाचला नाही त्यांच्यासाठी त्यातले सहा उपाय थोडक्यात सांगते. तोंडावर रुंद टेप आडवी चिकटवा, फुल फेस मास्क (नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा) असेल तर त्याच्याही आतून चिकटवा. चिनस्ट्रॅप (हनुवटी वर धरून ठेवणारा पट्टा) बांधा, महिन्याभरात मशीनच सुटेल. प्रेशर जास्त वाटलं तर स्वतःच कमी करून घ्या. ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) बंद ठेवा, त्याचं पाणी फुफ्फुसात जातं. नाक बंद असेल तर रोज रात्री नाक मोकळं करणारे थेंब घाला. आणि मास्कचे पट्टे जमतील तितके आवळा.

या सहाही उपायांमध्ये गुन्हेगार एकच धरलाय, तोंड. ते उघडं राहतं, मग ते बंद करा. ते उघडतं का, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही.

नाकावरच्या मास्कमधून हवा दाबाने आत येते. एरवी मऊ टाळू जिभेच्या मागच्या भागाला टेकलेला असतो आणि ओठही मिटलेले असतात, त्यामुळे ती हवा घशातच राहते आणि घसा उघडा धरते. झोपेत जबडा सैल पडला, टाळू जिभेपासून सुटला, की हवेला सोपी वाट मिळते. नाकातून आत, तोंडातून बाहेर. जागेपणी मशीन चालू ठेवून मुद्दाम 'आ' करून बघा, म्हणजे कळेल. तोंडातून नुसता वारा सुटतो आणि घशातला दाब पार नाहीसा झाल्यासारखा वाटतो. रात्री हेच तासन् तास चालतं. म्हणून सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते.

आता यातला महत्त्वाचा भाग. सीपॅप ही कल्पना ज्यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पहिल्यांदा मांडली, त्या सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांच्या गटाने १९९६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा निरोगी माणसं घेतली, त्यांना नाकाचा मास्क लावला आणि दहा मिनिटं मुद्दाम तोंडातून हवा सोडायला लावली. आधी आणि नंतर नाकातून हवा जायला किती विरोध होतो ते मोजलं. विरोध सरासरी २.२१ वरून ७.५२ वर गेला, म्हणजे तिपटीहून जास्त. ही माणसं धडधाकट होती, त्यांना सर्दीसुद्धा नव्हती. सतत एकाच दिशेने वाहणाऱ्या कोरड्या हवेने नाकाचं अस्तर सुजलं, बाकी काही नाही. साधं थंड पाण्याचं ह्युमिडिफायर लावलं तर काडीचा फरक पडला नाही. गरम पाण्याचं लावलं तर विरोध ४ च्या आसपासच थांबला आणि लवकर उतरलाही.

म्हणजे हे चक्र आहे. तोंडातून हवा गेली की नाक सुजतं, नाक सुजलं की तोंड आणखी उघडतं. ज्याचं नाक मुळातच बंद असतं त्याच्या बाबतीत ते झोपल्या क्षणापासून फिरायला लागतं. या एका प्रयोगाने मेसेजमधले निम्मे उपाय निकालात निघतात, पण टेपचं प्रकरण जरा सविस्तर बघायला हवं, कारण तेच सगळ्यात जास्त पसरलंय.

नाक चोंदलेल्या माणसाने तोंडाला टेप लावायची म्हणजे दोन दारांपैकी एक बंद असताना दुसऱ्याला कुलूप घालायचं. हवा टेपने थांबेलच असंही नाही. आतून दाब असतोच, त्यामुळे गाल फुगतात आणि ओठांच्या कोपऱ्यातून हवा फुर्र करून वाट काढते. पण ते जाऊ द्या. समजा थांबली. आणि समजा मध्यरात्री वीज गेली, किंवा नळी मशीनमधून निसटली. मशीन थांबलं की मास्कमध्ये ताजी हवा येणं थांबतं. उच्छ्वास बाहेर जायला जी बारीक छिद्रं असतात ती मशीनच्या दाबावर काम करतात. दाबच नसेल तर सोडलेलीच हवा पुन्हा पुन्हा आत ओढली जाते. नाकाचा मास्क लावलेला माणूस अशा वेळी आपसूक तोंड उघडतो. तेवढीच त्याची सुटका असते. तीच आपण टेपने बंद केलेली असते.

आणि फुल फेस मास्कच्या आतून टेप? हे वाचून मी अक्षरशः फोन खाली ठेवला. तो मास्क बनवलाच आहे तोंडाने श्वास घेणाऱ्यांसाठी. तो हातात घेऊन नळी जोडतो त्या कोपऱ्यापाशी नीट बघा. तिथे रबराची एक पातळ झडप दिसेल. मशीन चालू असताना हवेच्या दाबाने ती एका फटीवर टेकून बसते. मशीन बंद पडलं की ती सुटते, फट उघडी होते आणि खोलीतली हवा आत येते. नाक आणि तोंड दोन्ही झाकलेल्या माणसाचा जीव गुदमरू नये म्हणूनच तर तिची योजना आहे. त्या झडपेतून आलेली हवा घ्यायला नाक बंद असेल तर तोंड तरी उघडं नको का? शिवाय झोपेत उलटी झाली तर काय होईल, तो विचार ज्याचा त्याने करावा. ज्यांना आम्लपित्ताने रात्री आंबट घशाशी येतं, जे झोपेच्या गोळ्या घेतात, ज्यांच्या हाताला टेप ओढून काढण्याइतका जोर नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये. लहान मुलांचं तर नावच नको.

एवढं बोलल्यावर एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. नाक स्वच्छ मोकळं असलेली काही माणसं, डॉक्टरांना सांगून, ओठांवर मध्यभागी पातळ कागदी टेपची एक उभी पट्टी लावतात. जोर केला तर ओठ उघडतात इतपतच ती असते. त्यांच्यापैकी काहींची हवेची गळती कमी होते, हेही खरं. पण मेसेजमध्ये जो छातीठोक सूर आहे त्याला आधार नाही. तोंडाला टेप लावण्यावर झालेल्या १० अभ्यासांचा, मिळून २१३ रुग्णांचा, आढावा २०२५ मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात आला. फायदा मोजक्याच ठिकाणी आणि बेताचाच दिसला, आणि नाक बंद असेल तर गुदमरण्याचा धोका त्यातल्या काही अभ्यासकांनीच बोलून दाखवला होता. मेसेजमध्ये नाकाचा उल्लेख फक्त पाचव्या मुद्द्यात, तोही थेंबांसाठी.

चिनस्ट्रॅपचा मुद्दा त्याहून घातक आहे, कारण त्यात मशीन सोडायला सांगितलंय. स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे ज्यासाठी सीपॅप लावतात त्या झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, अडथळा ओठांत नसतो. तो घशात असतो, जिभेच्या आणि टाळूच्या मागे, जिथे भिंती सैल पडून एकमेकींना चिकटतात. हनुवटी वर बांधून त्या भिंती कशा उघड्या राहणार? २०१४ मधल्या एका छोट्या अभ्यासात नुसत्या चिनस्ट्रॅपने ना श्वास अडणं कमी झालं, ना घोरणं. आणि कोणाचं घोरणं कमी झालंच, तरी आवाज गेला म्हणून आजार गेला असं होत नाही. श्वास अडतो तेव्हा आवाज नसतोच, ती शांतताच खरी काळजीची. मशीन चालू ठेवून वर चिनस्ट्रॅप लावला तर काहींना थोडा उपयोग होतो, तेवढं मान्य. मात्र त्याचा ताण वरच्या दिशेने हवा. मागे ओढणारा पट्टा जबडा मागे ढकलतो आणि त्याबरोबर जीभ घशाकडे जाते, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

प्रेशर कमी करण्याबद्दलचा उपाय अर्धा खरा आहे आणि म्हणूनच फसवा. प्रेशर गरजेपेक्षा जास्त असेल तर हवा तोंड उघडून बाहेर पडते, हे खरंच होतं. मशीनवर ४ ते २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब ठेवता येतो आणि ऑटो मशीन रात्रभर तो कमीजास्त करत असतं. कधीकधी त्याची वरची मर्यादा विनाकारण जास्त ठेवलेली असते. पण उलटही तितकंच होतं. प्रेशर कमी पडलं तर श्वास अडतो, माणूस धापा टाकत तोंडाने हवा ओढतो आणि सकाळी तोंड पुन्हा कोरडंच. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कुठलं आहे ते मशीनच्या नोंदींवरून कळतं आणि त्या वाचता येणाऱ्यानेच आकडा बदलावा. सेटिंगच्या मेनूत कसं शिरायचं याचा व्हिडिओ मिळाला म्हणून आपण डॉक्टर होत नाही.

ह्युमिडिफायरचं पाणी फुफ्फुसात जातं, ही भीती कुठून आली ते मला कळतं. खोली थंड असेल तर नळीत वाफेचे थेंब जमतात, गुडगुड आवाज येतो, एखादा थेंब नाकावरही येतो. घाबरायला होतं. पण ते टाकीतलं पाणी उसळून आलेलं नसतं, थंड नळीत वाफेचं पाणी झालेलं असतं. मशीन बिछान्यापेक्षा खाली ठेवा, नळी पांघरुणात घ्या, गरम होणारी नळी मिळत असेल तर ती वापरा, नाहीतर आर्द्रता एक घर कमी करा. टाकी रोज रिकामी करून धुवा, डिस्टिल्ड पाणी भरा. घाण टाकी वाईटच, त्यावर वाद नाही. पण ह्युमिडिफायर बंद करणं म्हणजे वरच्या प्रयोगात नाक ज्याने सावरलं तेच काढून टाकणं.

थेंबांबद्दल थोडक्यात. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळं करतात, म्हणून ते आवडतात. तीन ते पाच दिवसांपलीकडे रोज घातले तर नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं आणि आधीपेक्षा जास्त चोंदतं. मावशीला या उपायाने नेमकं तेच झालं असतं. तिच्यासारख्यांचा प्रश्न अ‍ॅलर्जीचा असेल तर स्टेरॉइडचा स्प्रे लागतो, तो रोज घेतल्यावर काही दिवसांनी गुण देतो. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुण्याचाही उपयोग होतो. नाकाचं मधलं हाड वाकडं असेल किंवा आत पॉलिप, म्हणजे अस्तराची मऊ गाठ, असेल तर यातलं काहीच पुरत नाही, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. सीपॅप सुरू करताना नाक तपासून घ्यायचं असतं हे कित्येकांना कोणी सांगितलेलंच नसतं. मेसेज पसरतो तो या रिकाम्या जागेत.

आणखी एका ठिकाणी मेसेज लिहिणारा बरोबर आहे. 'तोंड उघडं राहतं म्हटलं की लगेच फुल फेस मास्क गळ्यात मारतात' असं त्याने मध्येच एक वाक्य टाकलंय. ते खरं आहे. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही शक्यतो नाकाचा मास्कच आधी द्यावा असं सांगितलंय. फुल फेस मास्क जबड्याला मागे दाबू शकतो, त्याला प्रेशरही बहुधा जास्त लागतं. नाक उघडण्याचे उपाय थकल्यावर तो जरूर घ्या. काहींना तोच लागतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

राहता राहिला मास्क आवळण्याचा उपाय. तोंडातून हवा जाते तिथे नाकावरचा मास्क आवळून काय होणार, हे मला सांगा! मास्कची गादी हवेने किंचित फुगून त्वचेवर तरंगते अशी बनवलेली असते. आवळली की तिला घड्या पडतात, घडीतून हवा डोळ्यांकडे जाते आणि नाकाच्या दांडीवर वळ उठतात. पट्टे बसवायचे ते आरशासमोर उभं राहून नाही, बिछान्यात आडवं होऊन, मशीन चालू ठेवून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर. मग सकाळी गळतीचा आकडा बघा. रेसमेडच्या मशीनवर तो मिनिटाला २४ लिटरच्या आत असला तर चालतो, दुसऱ्या कंपन्यांचं मोजमाप वेगळं असतं. एका वेळी एकच बदल करा, आठवडाभर आकडे बघा, मग पुढचा. मास्क, आर्द्रता आणि स्प्रे एकाच रात्री बदलले तर गुण कशाने आला ते कोणालाच सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही.