ढोल कोणाच्या कमरेला?

जुलै लागला की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडतात. शेजारच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालेला असतो. एका तटात दहावीची मुलं, त्यांच्या आया, रात्रपाळीवाले आणि बायपास झालेले एक आजोबा. दुसऱ्या तटात ‘वर्षातून एकदा तर सण असतो’ म्हणणारे. कोणीतरी मोबाइलवर डेसिबल मोजून स्क्रीनशॉट टाकतं, कोणीतरी ‘मग लग्नाच्या हॉलमधल्या डीजेचं काय?’ असं विचारतं. मी हे सगळं कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला बसून वाचते. काही लिहिलंच तर ‘तुला काय जातंय तिकडून बोलायला’ हे ठरलेलं उत्तर येतं. खरं आहे, झोप माझी मोडत नाही. तरी या एका विषयात तोंड घालते, कारण शनिवारी दुपारी इथल्या कम्युनिटी सेंटरमध्ये मीच वीस-पंचवीस माणसांना गोलात बसवून ढोल बडवायला लावते.

आधी घरचा वाद. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५; रात्र म्हणजे दहा ते सहा. ५५ डेसिबल म्हणजे साध्या आवाजातल्या गप्पांच्या आसपास, त्यात एक ताशासुद्धा बसत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांसाठी ३० वादकांची मर्यादा घातली, सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, आणि ठाण्यातही लोकांनी पेढे वाटावेत तसे मेसेज वाटले. २०२५ मध्ये गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला. म्हणजे एका बाजूला कायदा आणि कान, दुसऱ्या बाजूला परंपरा आणि सरकारी शिक्का. वाद किती जोरात, किती वाजेपर्यंत आणि किती जणांनी, एवढ्यावरच फिरतो.

वाजवायचं कोणी, हे मात्र दोन्ही तटांना ठरलेलंच वाटतं. वाजवणार पथकातली तरुण मुलंमुली. बाकीच्यांनी एक तर गच्चीतून व्हिडिओ काढायचा, नाहीतर खिडक्या लावून घ्यायच्या. जड ढोल कमरेला बांधून तीन-चार तास उभं राहता येणं ही पथकाची न लिहिलेली प्रवेशपरीक्षा आहे. व्हीलचेअरवरच्या मुलीला, पक्षाघात झालेल्या काकांना, मोठ्या आवाजाने घाबरणाऱ्या स्वमग्न मुलाला ‘तू येतोस का सरावाला’ असं कोणी विचारत नाही. यात दुष्टपणा नाही. कोणाच्या डोक्यातच ते येत नाही.

इथे ज्याला ड्रम सर्कल म्हणतात त्याची रीत साधी. खुर्च्या गोल मांडायच्या, मधे निरनिराळी वाद्यं ठेवायची, जो येईल त्याने हवं ते उचलायचं. प्रेक्षक नसतात. नोटेशन, परीक्षा, गणवेश यांतलं काही नाही. अमेरिकेत याची पाळंमुळं साठच्या दशकात सापडतात. बाबातुंडे ओलातुंजी या नायजेरियन वादकामुळे पश्चिम आफ्रिकेतला ढोल इथल्या मध्यमवर्गाच्या हाताला लागला. पुढे इथून तासाभराच्या अंतरावरच्या सांताक्रूझमध्ये आर्थर हल याने असं वर्तुळ चालवण्याची पद्धत बसवली आणि ती शिकवायला सुरुवात केली. १९९१ साली ग्रेटफुल डेड या बँडचा ढोलवादक मिकी हार्ट सिनेटच्या वृद्धविषयक समितीपुढे जाऊन म्हाताऱ्या माणसांना वाजवू द्या असं सांगून आला. यात आफ्रिकेचं श्रेय किती आणि धंदा किती, यावर इथेही भांडणं आहेत. ती रास्तच आहेत.

प्रत्यक्ष काम मात्र बारकाव्यांचं असतं. सगळ्यात आधी पाया लागतो: जाड आवाजाचा एक मोठा ढोल, न चुकता एक-दोन, एक-दोन. तो शाबूत असला की वर कोणी कसंही वाजवलं तरी खपतं. एखाद्याची लय घसरली तर त्याला थांबवायचं नाही, पाया थोडा ठळक करायचा. दहापैकी नऊ वेळा तो माणूस आपसूक परत येतो. दहाव्या वेळी त्याची घसरलेली लयच बाकीच्यांना आवडते आणि सगळे तिकडे जातात.

मग हात. एका सरदारजींना पार्किन्सन्स आहे, आयुष्यभर ट्रक चालवलेले. त्यांच्या बोटांत काठी टिकत नाही, म्हणून काठीच्या मुठीवर नळाला गुंडाळतात तसला फोम चढवला आणि वरून वेल्क्रोची पट्टी बांधली. खर्च नगण्य. ज्यांचा एकच हात चालतो त्यांना मांडीत धरायचं वाद्य द्यायचं नाही, जमिनीवर उभा राहणारा ढोल द्यायचा. व्हीलचेअरचं पायठाण आडवं येतं, म्हणून ढोल स्टँडवर घेऊन बाजूने पुढे सरकवायचा. दृष्टिहीन माणूस असेल तर माझ्या हातांच्या खुणा निरुपयोगी. थांबण्याची सूचना घंटेने द्यावी लागते. ऐकू न येणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्यात मोठ्या ढोलाशेजारी, लाकडी तक्तपोशीवर अनवाणी बसवतो. हे काही मी शोधलेलं नाही. स्कॉटलंडची तालवादक एव्हलिन ग्लेनी बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली होती. ती अनवाणी पायांनी नाद घेत जगभर वाजवते, आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्‍घाटनात तिने शेकडो ढोलवाल्यांचं नेतृत्व केलं.

सगळ्यात अवघड असतं कानांचं. स्वमग्न मुलांपैकी काहींना मोठा आवाज अक्षरशः दुखतो. त्यांच्यासाठी दाराजवळ कानांवर लावायचे मफ ठेवलेले असतात, कोपऱ्यात पडद्यामागे एक खुर्ची असते, भिंतीवर आज काय काय होणार याची चित्रं ओळीने लावलेली असतात. सुरुवात आणि शेवट दर वेळी त्याच ठेक्याने. एक मुलगा, बोलत नाही, कित्येक शनिवार त्या पडद्यामागेच बसायचा. त्याच्या आईला वाटायचं की दोघं उगीच येतात. मग आम्ही सगळ्यांनी काठ्या खाली ठेवून नुसत्या बोटांनी वाजवायला सुरुवात केली, पहिली वीस मिनिटं. तो पडद्याच्या अलीकडे आला. झालं एवढंच, त्याने उठून ठेका वगैरे धरला नाही. पण बोटांची वीस मिनिटं आमच्याकडे कायमची राहिली, कारण बाकीच्यांनाही ती आवडली. म्हाताऱ्यांना एकमेकांचं ऐकू येऊ लागलं.

माझा मुद्दा इथेच आहे. आवाज कमी झाला तो तक्रारीने नाही, डेसिबलच्या अ‍ॅपने नाही, पोलिसाने येऊन नाही. ज्याला त्रास होतो तो गोलाच्या आत बसला होता, म्हणून झाला. ठाण्यात त्रास होणारा माणूस कायम बाहेर असतो, दुसऱ्या मजल्यावर, आणि वाजवणाऱ्याच्या दृष्टीने शत्रू असतो. वाजवणारा त्याचं तोंडही पाहत नाही. शिवाय वाजवणाऱ्याच्या कानांचं काय? अमेरिकेत कामगारांसाठीची शिफारस आहे: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. आपल्या मिरवणुकांत मोजलेले आकडे शंभरी ओलांडतात. सरावाला येणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलगी रोज दोन तास ताशाच्या रांगेपुढे उभी असते, कानात कापसाचा बोळाही नाही. परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी निदान तिच्या बाजूने बोलायला हरकत नाही.

आता इकडचं सगळं छान, असं म्हणायला मी तयार नाही. आमच्या सेंटरला रॅम्प आहे, रुंद दारं आहेत, खाली बसवलेलं बेसिन आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही. १९७७ साली सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून अधिक अपंग माणसं सरकारी इमारतीत शिरून जवळजवळ चार आठवडे बसून राहिली, तेव्हा अपंगांच्या हक्कांचा पहिला कायदा हलला. सर्वव्यापी कायदा १९९० मध्ये आला. पण रॅम्पवरून वर आलेली माणसं शनिवारी तीन वाजता खाली उतरली की संपलं. कोण कुठे राहतं, कोणाला कोणाचं काय झालंय, याचा पत्ता नसतो. आत येताना प्रत्येकाने ‘इजा झाल्यास जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही केलेली असते. एक आजी दोन-तीन शनिवार आल्या नाहीत, म्हणून मी फोन केला तर त्यांच्या मुलीने अगदी सभ्यपणे विचारलं की नंबर कुठून मिळाला. ठाण्यातल्या नौपाड्यात एखादी बाई दोन दिवस आरतीला दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी तिच्या दारात तिघी उभ्या असतात, नको असल्या तरी.

आणि बाजार. २००१ मध्ये बॅरी बिटमन नावाच्या डॉक्टरांनी १११ निरोगी माणसांवर समूहवादनाचा प्रयोग करून रोगप्रतिकारक पेशींत काही बदल नोंदवले. एवढ्याशा धाग्यावर इथे ‘ढोल वाजवा, प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा जाहिरातींचा मांडव घातलाय. मला लोक विचारतात, याने माझ्या मुलाला बोलता येईल का? मी नाही म्हणते. ठरावीक ठेक्यावर चालण्याचा सराव केल्याने पार्किन्सन्सच्या रुग्णांची चाल सुधारते, यावर चांगलं संशोधन आहे, पण ते प्रशिक्षित थेरपिस्टचं काम. त्यासाठी इथे पदवी, इंटर्नशिप आणि परीक्षा असते. माझ्याकडे यातलं काही नाही, दिवसा मी हिशेब तपासते. ठाण्यात-नवी मुंबईत हल्ली कॉर्पोरेट ऑफिसांत आणि शाळांत ‘ड्रम थेरपी’ची पत्रकं फिरतात असं ऐकते. थेरपी म्हणणाऱ्याला प्रमाणपत्र विचारा, आणि नुसतं वाजवायला बोलावणाऱ्याला ढोल किती आणि रॅम्प कुठे ते विचारा.

जेंबे, म्हणजे तो हाताने वाजवायचा आफ्रिकी ढोल, विकत आणायची तर मुळीच गरज नाही. सगळ्यांनी मिळून वाजवणं आपल्याला कोणी शिकवायला नको. कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमधलं भजनी मंडळ पाहा: ढोलकी एकाकडे, पण टाळ ज्याच्या हाताला लागेल त्याचा, आणि टाळ नसेल तर डब्याचा पत्रा आहेच. त्यावरही सहप्रवाशांच्या तक्रारी होत्याच, पण ते असो. घरच्या आरतीला पाच वर्षांच्या नातवापासून ऐंशीच्या आजीपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी असतं आणि बेसूर कोण वाजवतंय याची कोणी नोंद ठेवत नाही. ढोल घराबाहेर पडून मैदानात गेला, त्याला शिस्त आली, रांगा आल्या, निवड आली. शिस्तबद्ध पथकाचं वादन मला आजही अंगावर काटा आणतं, ते बंद करा असं मी म्हणणार नाही. पण मोठं होताना त्याने कोणाला मागे सोडलं, हे बघायला काय हरकत आहे?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली गेली. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कलम २९ संस्कृती आणि मनोरंजनासाठी वेगळं ठेवलंय. वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे, विशेष मुलांसाठी तिथे वर्षानुवर्षं काम चालतं. ठाण्यातही विशेष शाळा आहेत. त्यांच्या वार्षिक कार्यक्रमाला पथकं जातात, वाजवून दाखवतात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. उलटा प्रवास, म्हणजे ती मुलं पथकाच्या सरावाला, मला तरी कुठे दिसलेला नाही.

माझा भाचा पथकात आहे. त्याला मी सुचवलं: आठवड्यातला एक दिवस सरावाआधीचा पाऊण तास मैदान खुलं ठेवा. खुर्च्या गोल मांडा. ढोल कमरेला नाही, तिवईवर. टिपरू नाही, पहिला अर्धा वेळ नुसती थाप. ताशा एकच, तोही लांब. तुमच्यातला एक जण फक्त पाया धरेल, बाकीच्यांनी पाहुण्यांशेजारी बसायचं.

“मावशी, पथकप्रमुख विचारतील मिरवणुकीत काय करायचं यांचं.”

मिरवणुकीत नेऊच नका म्हटलं, एवढं चालायचं कोणी? पण स्थिर वादन तुम्ही करताच. एका चौकात, संध्याकाळी सातच्या आत, पंधरा मिनिटं गोल करा. त्यात आजोबांनाही बोलवा, ते बायपासवाले. नाही म्हणतील बहुतेक. बोलवा तरी.

“आणि येणार कसे हे लोक? रिक्षात व्हीलचेअर घडी करून बसते, पण रिक्षावाला थांबला पाहिजे ना. मैदानाच्या फाटकाला दीड फुटाची पायरी आहे.”

हे त्याने बरोबर धरलं. माझ्या सगळ्या बोटांच्या ठेक्यांपेक्षा ती पायरी मोठी. प्लायवूडची उतरती फळी टाकायची तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दीड फुटाला अठरा फूट, आणि फाटकाबाहेर लगेच गटार आहे. तो म्हणाला, मागच्या बाजूने टेम्पो आत आणतात ते दार सपाट आहे, फक्त त्याची किल्ली मंडपवाल्याकडे असते. त्याचा नंबर मिळवतो म्हणालाय.