इराक युद्ध आणि आपण करदाते

"युद्ध सरकारं करतात, सामान्य माणसाचा त्यात काय दोष?" इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी मंडळींच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितोच. जिथे सरकार निवडता येतं आणि घालवताही येतं, तिथल्या नागरिकाला युद्धातून नामानिराळं होता येत नाही. इराकच्या बाबतीत तर मुळीच नाही.

2003 साली मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होतो. मत नव्हतं, टॅक्स मात्र दर पगाराला कापला जायचा. मार्चमध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला करून युद्ध सुरू केलं तेव्हा चाचण्यांमध्ये सुमारे 70 टक्के अमेरिकन त्याच्या बाजूने होते. आणि जुलैत माझ्या पे-स्टबवरचा (पगाराच्या पावतीवरचा) फेडरल टॅक्स चक्क कमी झाला! मे महिन्यात बुश यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली होती. मुलं असलेल्या बऱ्याच घरांना वर एका मुलामागे 400 डॉलरपर्यंतचे चेक आले. सैन्य बगदादमध्ये, खर्च कर्ज काढून, आणि इथे हातात चार पैसे जास्तच. सक्तीची भरती 1973 पासून बंद, त्यामुळे बहुतेक घरांतून कोणी लढायला गेलंच नाही. डोव्हरच्या हवाई तळावर सैनिकांच्या शवपेट्या उतरायच्या, त्यांचे फोटो काढायला 2009 पर्यंत बंदी होती. नागरिकाला झळ लागू नये याची इतकी चोख तजवीज केलेली, आणि कर का कमी झाला हे आमच्या ऑफिसात एकानेही विचारलं नाही.

लोकांना फसवलं गेलं, हे 2003 पुरतं मला मान्य आहे. परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलसारखा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत बसून इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याचे पुरावे म्हणून चित्रं दाखवतो, तेव्हा दिवसभर राबून घरी आलेला माणूस विश्वास ठेवणारच. (संयुक्त राष्ट्रांचे शस्त्र-तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स तपासणीसाठी आणखी काही महिने मागत होते, आणि तेही पेपरात येत होतं.) पण 2004 चं काय? एप्रिलमध्ये इराकमधल्या अबू घरैबच्या तुरुंगात अमेरिकन सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाचे फोटो जगाने पाहिले. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात सरकारच्याच तपास पथकाचा अहवाल आला: ज्या शस्त्रसाठ्यांसाठी युद्ध केलं ते तिथे नव्हतेच. आणि 2 नोव्हेंबरला बुश सहा कोटींहून जास्त मतं घेऊन परत निवडून आले. समोरचे डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरी यांनीही 2002 मध्ये युद्धाच्या परवानगीला सिनेटमध्ये पाठिंबा दिला होता, म्हणजे पर्याय लंगडाच होता. तरीही ते मत सगळं कळल्यावर दिलेलं होतं. युद्धाच्या दोषाचा वाटा मत देणाऱ्याच्या पदरात पडतोच.

आता इराकी माणसाकडे बघा. 1990 मध्ये सद्दामने कुवेत घेतलं, तेव्हा या सामान्य माणसाला कोणी विचारलं होतं? 1991 मध्ये दक्षिणेत शिया आणि उत्तरेत कुर्द उठले, तर सद्दामने त्यांना चिरडून काढलं. वर जवळपास 13 वर्षं निर्बंध, औषधांची टंचाई, आणि शेवटी बॉम्बही त्यांच्याच डोक्यावर. 2003 नंतर किमान लाखभर सामान्य इराकी मेले. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं त्यांनी सगळं फेडलं, आणि ज्यांच्या हातात मतपत्रिका होती त्यांना करकपात मिळाली. मला याची चीड येते, अजूनही.

म्हणूनच रशियन नागरिकाला मी याच मापाने मोजत नाही. मार्च 2022 पासून तिथे युक्रेन युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल 15 वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. अमेरिकेत 2003 मध्ये बोलणाऱ्याला शिव्या पडल्या, बुश यांच्यावर टीका करणाऱ्या 'डिक्सी चिक्स' या गायिकांच्या बँडची गाणी कित्येक रेडिओ स्टेशनांनी बंद केली. वाईटच, पण तुरुंग नव्हता.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. अमेरिकन लोक कर भरतात आणि सरकार निवडतात, म्हणून त्यांना मारणं योग्य, असा युक्तिवाद बिन लादेनने केला होता. दोषात वाटा असणं आणि जिवावर उठण्याची मुभा मिळणं यांचा काडीचाही संबंध नाही. ज्या दिवशी तो जोडला जातो, त्या दिवशी कुठल्याही शहरावर बॉम्ब टाकता येतो. बगदादवर टाकले तसेच.

मला हवी आहे ती भरपाई, इराकी निर्वासितांना इथे आसरा देऊन. 2006 साली इराक पेटलेला असताना अमेरिकेने वर्षभरात जेमतेम 200 इराकी निर्वासित घेतले. आज माझ्याकडे मत आहे. दारावर मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी इराकी निर्वासितांबद्दल विचारतो, आणि इथल्या मराठी मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही विचारा.