अडीच वाजता मेलबर्न, दहा वाजता नाशिक

मे महिन्यातला शनिवार. मेलबर्नच्या सिडनी रोडवर कुडकुडत १९ नंबरच्या ट्रामची वाट बघत होतो. रात्रीचे अडीच, म्हणजे नाशकात बरोबर दहा. फोन उघडला, तर गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रणधुमाळी. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर नवा बार झालाय, तिथे स्पीकर लावून गाणी चालतात. एक काका म्हणत होते, ही आपली संस्कृती नव्हे. कॉलेजातली पोरं म्हणत होती, नाशिक लवकर झोपतं म्हणून तर आम्ही पुण्याला पळतो, परदेशात बघा जरा. आईचा मेसेज एवढाच : 'अजून चालूच आहे.'

गंमत म्हणजे मी तशाच एका जागेतून निघालो होतो. मेलबर्नच्या ब्रन्सविक भागातलं जुनं दुकान, आता बार; आत दंतवैद्याची खुर्ची, छताला टांगलेली मोडकी ॲकॉर्डियन, ग्लास ठेवायला शिलाई मशीनची टेबलं. स्टेजवर एक म्हातारा सुताराची करवत गुडघ्यात धरून, पातं वाकवून त्यावर सारंगीला असतो तसा गज फिरवत होता. आवाज थेट बाईच्या गळ्यासारखा. हा करवतीतून येतोय हे पटायलाच मला दोन मिनिटं लागली.

पण लक्षात राहिली ती दारं. एकामागे एक दोन, मध्ये चार पावलांचा बोळ. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. विसरलात तर दारावरची मुलगी डोळे वटारते. गल्लीत पाऊल टाकलं आणि गाणं कापल्यासारखं थांबलं.

काकांशी संस्कृतीवर वाद घालायचा तर नाशिक ढोलापासून सुरुवात करावी लागेल. तो वाजतो तेव्हा खिडकीची तावदानं थरथरतात आणि काका स्वतः पुढे होऊन नाचतात, मी पाहिलंय. पण पोरांचं 'परदेशात बघा' हेही अर्धवटच. इथले शेजारीही तक्रारी करतात, चांगल्या कडक करतात. फरक एवढाच की आवाज अडवायचा खर्च कुणी करायचा, हे व्हिक्टोरिया राज्याने २०१४ साली नियोजनाच्या नियमातच लिहून टाकलं. संगीताच्या जुन्या जागेशेजारी नवे फ्लॅट बांधलेत, तर ध्वनिरोधक काचा बिल्डरने बसवायच्या. जुन्या वस्तीत नवी जागा काढलीत, तर भिंती तुम्ही जाड करायच्या. नंतर आलेल्याने खिसा मोकळा करायचा.

आपल्याकडे नियम नाहीत असं मुळीच नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस, तेही सणासमारंभांना, मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पण त्याच नियमात सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना वेगळी वागणूक आहे. म्हणजे कायद्याचं भांडण गाण्याशी नाही, उघड्या गच्चीशी आहे. आणि आपण नेमक्या गच्च्याच उघडतोय, कारण भिंतीला पैसे पडतात, वारा फुकट मिळतो. दारूचा परवाना, बंद करायची वेळ, हे प्रश्न वेगळे. पण दोन दारं बसवायला कुणाचीच बंदी नाही. रात्री घरी न्यायला ट्राम असणं, हे मात्र बारमालकाच्या हातातलं नाही. इथे शुक्रवार-शनिवारी ती रात्रभर धावते, म्हणून माझ्यासारखा दोन ग्लास वाइन घेतलेला माणूस गाडीला हातच लावत नाही.

मेलबर्नच्या शांततेचं थोडं श्रेय थंडीलाही द्यायला हवं. इथे मे महिन्यात कोण खिडकी उघडी टाकून झोपतं?

ट्राममध्ये बसल्यावर आईला फोन लावला. तिच्या मागे तो गच्चीवरचा मुलगा स्पष्ट ऐकू येत होता, एक जुनं हिंदी गाणं मन लावून गात होता. 'पोलिसांना कळवू का,' मी विचारलं.

'नको रे. गातो चांगला,' ती म्हणाली. 'पण खिडकी लावली की मला पंखा पुरत नाही.'