‘तीन आठवडे बसवून ठेवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री आमचं भाषांतराचं आणि अर्ज भरून देण्याचं दुकान बंद करताना वाचला. उत्तर आज दुपारी लिहितेय, कारण रात्री लिहिलं असतं तर शब्द वेगळे आले असते.

तुमच्या आईंच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जाबद्दल तुम्ही लिहिलंय की आम्ही तीन आठवडे बसवून ठेवलं, फोन उचलला नाही, भाषांतरात तारीख चुकवली, ‘सातशे-आठशे डॉलर’ घेऊन वर अर्जंटचे पैसे लावले, काकूंना माहेरच्या नसत्या चौकश्या केल्या आणि ‘घाबरवून वकिलाकडे पाठवलं’.

आधी माफी. दसऱ्याला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन उचलला गेला नाही. दारावर पाटी होती, पण तुम्ही फोन करणार, दार बघायला थोडेच येणार? फोनवर निरोप ठेवायला हवा होता, राहून गेला. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यातली तारीखही माझीच चूक. नगरपालिकेचा जुना, हाताने लिहिलेला दाखला, शाई उडालेली. ११ चे मी १९ वाचले. कच्ची प्रत तुम्हाला तपासायला दिली तेव्हा तुमच्या लक्षात आलं आणि त्याच संध्याकाळी दुरुस्त करून दिली. तरी चूक ती चूक. भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे असं खाली लिहून सही मी करते, त्यामुळे ती मला लागली.

पण ‘तीन आठवडे बसवून ठेवलं’ हे काही माझ्या घशाखाली उतरत नाही.

तुम्ही पहिल्यांदा आलात २५ सप्टेंबरला, गुरुवारी. २० ऑक्टोबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना अमेरिकेच्या इतिहासाची आणि कारभाराची नवी परीक्षा लागणार, हे नुकतंच जाहीर झालं होतं. जुन्या परीक्षेत १०० प्रश्नांच्या यादीतून १० विचारतात, ६ बरोबर आले की पास. नवीत यादी १२८ ची, विचारतात २० आणि बरोबर लागतात १२. काकू पंचावन्नच्या पुढच्या आणि ग्रीन कार्डाला १५ वर्षं होऊन गेलेली, म्हणून इंग्रजीची परीक्षा माफ आणि बाकीचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीतून. पण नवी यादी त्यांनाही चुकली नसती. त्यामुळे तुमची घाई मला पहिल्या मिनिटाला कळली. ती फक्त तुमचीच होती असं नाही, त्या पंधरवड्यात दुकानात उभं राहायला जागा नव्हती.

त्या गुरुवारी तुमच्या हातात होतं ग्रीन कार्ड, चालू पासपोर्ट आणि दाखल्याचा फोनवर काढलेला फोटो. फोटोत शिक्क्यावर अंगठा आला होता. नीट स्कॅन माझ्याकडे आलं ३० तारखेला, आणि दसऱ्याची सुट्टी धरूनही भाषांतराची कच्ची प्रत तुमच्या हातात होती ४ ऑक्टोबरला. म्हणजे माझ्याकडून लागले चार दिवस.

उरलेले दिवस जुन्या पासपोर्टची वाट बघण्यात गेले. अर्जात गेल्या ५ वर्षांतली अमेरिकेबाहेरची २४ तासांहून मोठी प्रत्येक फेरी लिहावी लागते, गेल्याची तारीख आणि आल्याची तारीख. तुम्ही म्हणालात, ‘मधली एक मोठी होती, साधारण सहा महिने लिहून टाका.’ मी नाही म्हटलं. ते तुम्हाला उद्धट वाटलं असेल, पण फॉर्मवर तयार करणारी म्हणून माझं नाव जातं आणि ‘साधारण’ला त्यात रकाना नाही. जुना पासपोर्ट काकूंनी २०२४ मध्ये गावी कपाटात ठेवला होता. तुमच्या मामेभावाने त्याच्या पानांचे फोटो पाठवले ते ११ ऑक्टोबरला, शनिवारी रात्री. मी रविवारी दुकानात येऊन भिंग लावून मुंबई विमानतळाचे शिक्के वाचले आणि तिकिटांशी ताडले. इथून निघाल्या १२ नोव्हेंबर २०२२ ला, परत पोचल्या २० मे २०२३ ला. कॅलेंडरवर बोट ठेवून मी दोनदा मोजलं आणि माझ्या मुलीने एकदा. १८९ दिवस.

आता वकिलाचं. सहा महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत बाहेर राहिलं, तर नागरिकत्वासाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं सरकार धरून चालतं. ते तुटलेलं नाही हे आपण दाखवायचं असतं. घर इथेच होतं, टॅक्स इथेच भरला, जवळची माणसं इथेच होती. एवढी माहिती मी सांगू शकते. पण काकूंनी आत्ता अर्ज करावा की थांबावं, हा सल्ला मी देऊ शकत नाही. मी वकील नाही. आमच्या काउंटरवर तशी पाटी आहे, पावतीवरही छापलंय. तो सल्ला वकिलाने किंवा सरकारमान्य प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. १३ तारखेला मी तुम्हाला तेच सांगितलं, तुम्ही १५ ला वकिलाला भेटलात, त्यांनी हो म्हटलं, आणि १७ ऑक्टोबरला, वसुबारसेला, काकूंनी स्वतःच्या खात्यातून स्वतः बटण दाबून अर्ज पाठवला. तीन दिवस हातात ठेवून. मी गप्प बसले असते तर तेव्हा तुम्ही खूश झाला असता, पण मुलाखतीत अधिकाऱ्याने तोच प्रश्न विचारला की नाही? आणि टॅक्सच्या नोंदींची पिवळी चिठ्ठी लावलेली फाईल तेव्हा काकूंच्या मांडीवर होती की नव्हती? मुलाखतीहून आल्या आल्या काकूंनीच फोन करून सांगितलं मला. रिव्ह्यूत त्यावर एक ओळ नाही. पहिल्या फटक्यात पास झाल्या यावरही नाही.

पैशाचं थोडक्यात. तुमचे एकूण गेले ९९०. त्यातले ७१० डॉलर ही ऑनलाइन अर्जाची सरकारी फी, ती तुमच्या कार्डावरून थेट सरकारला गेली. माझ्याकडे आले २८०, त्यात ४० अर्जंटचे. अर्जंटचे तोंडी बोलले होते, लिहून दिले नव्हते. ते लिहून द्यायला हवे होते, मान्य. यायचं असेल तेव्हा या, ४० परत घेऊन जा.

राहिलं माहेर. जन्मापासून वापरलेली सगळी नावं फॉर्ममध्ये मागतात. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं आडनावच काय, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून पाळण्यातलं नावही बदललं. शाळेचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या. ते एक नाव सुटलं आणि मुलाखतीत निघालं तर उत्तर देताना काकूंची तारांबळ उडाली असती. म्हणून विचारलं. तुम्ही तेव्हा बाहेर गाडीत फोनवर होतात. काकूंनी माहेरचं नाव आधी हळू आवाजात सांगितलं, मग माझ्याकडून पेन घेऊन कागदावर स्वतः लिहिलं, आणि म्हणाल्या, कितीतरी वर्षांनी हे लिहिलं गं. त्याला तुम्ही नसत्या चौकश्या म्हणता, याचं मला वाईट वाटलं.

मुलाखतीआधी चार शनिवार त्या आमच्याकडे सरावाला बसल्या, त्याचा मी एक पैसा घेतला नाही. आठवणीत ठेवायची युक्ती त्यांचीच. संविधानात दुरुस्त्या किती, तर २७, नक्षत्रांइतक्या. सिनेटर १००, कौरवांइतके. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश ९, नवग्रह. आता मी ही युक्ती दुसऱ्या आज्यांनाही सांगते, काकूंचं नाव न घेता.

हे छोटं दुकान आहे. मी, माझी मुलगी आणि एक प्रिंटर. इथे न्यू जर्सीत ओक ट्री रोडवर ११ वर्षं झाली, आणि येणारा प्रत्येक माणूस आधी स्टार बघूनच दार ढकलतो. म्हणून एवढं लिहिलं. फोनचं काहीतरी करतोच आहोत, सणावारी निरोप राहील आणि दर लिहून देण्याचंही बघतो.

शपथविधीच्या दिवशी काकूंना ग्रीन कार्ड तिथे जमा करावं लागेल, ते घरी विसरू नका. शपथ झाली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही. तो आधी भारतीय वकिलातीच्या नियमाप्रमाणे रद्द करून घ्यायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. तिकीट त्याआधी काढू नका. तो अर्ज तुम्ही दुसरीकडून भरलात तरी माझी काही हरकत नाही. काकूंची सरावाची वही मात्र इथेच राहिली आहे, निळ्या कव्हरची. ४० डॉलर न्यायला याल तेव्हा तीही घेऊन जा.