डाळ सोडून यूरिक ॲसिड उतरत नाही

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा : रक्तातले यूरिक ॲसिड ७ च्या वर गेले की गाउट (त्या ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा सांध्यांचा आजार) झालाच, डाळी, कडधान्ये, पालक आणि टोमॅटो ही त्याची कारणे, ती सोडून रोज अनशापोटी लिंबू आणि खाण्याचा सोडा घेतला की पंधरा दिवसांत सारे ॲसिड लघवीवाटे निघून जाते, यूरिक ॲसिड उतरवायला डॉक्टर देतात त्या ॲलोप्युरिनॉलच्या गोळीने मूत्रपिंडे निकामी होतात, आणि ठणका थांबला, रिपोर्ट चांगला आला की आजार संपला. यातल्या बहुतेक विधानांत सत्याचा एखादा कण आहे, म्हणून संदेश पटतो आणि म्हणूनच तो घातक आहे.

पहिले विधान आकड्याचे. शरीराच्या तापमानाला यूरिक ॲसिडचे प्रमाण दर डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की त्याचे स्फटिक सांध्यात साचू शकतात, हे खरे. पण साचू शकतात आणि साचतातच यांत अंतर आहे. वाढलेला आकडा घेऊन वावरणाऱ्या बहुतेकांना गाउट कधीच होत नाही. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ७.४ आले आणि टाच किंवा गुडघा दुखतो, म्हणून दोहोंचा संबंध जोडणे बरोबर नाही. गाउटचा झटका सहसा अचानक, अनेकदा रात्री, पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. सांधा लालभडक होतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. असा त्रास कधीच झाला नसेल, तर केवळ आकड्यासाठी गोळी सुरू करू नये, असे अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आकडा वाढलेला दिसला तर रक्तदाब, साखर आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन पाहावे, आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी. रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, कमी मात्रेतली ॲस्पिरिन आणि क्षयरोगावरचे पायराझिनामाइड यांनीही यूरिक ॲसिड वाढते.

डाळींवरचा आरोप सर्वांत जास्त नुकसान करतो. यूरिक ॲसिड प्युरिन नावाच्या द्रव्यांपासून बनते आणि त्यांतला मोठा वाटा आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून येतो. आहाराचा वाटा ढोबळपणे एक तृतीयांश. तयार झालेल्या ॲसिडपैकी सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडे बाहेर टाकतात, उरलेले आतड्यावाटे जाते. गाउटच्या दहापैकी नऊ रुग्णांत मुख्य दोष हा मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत हाच असतो, आणि त्यामागे आनुवंशिकतेचा हात मोठा असतो. आहाराचा परिणाम शून्य आहे असे नव्हे, पण बोट चुकीच्या ताटाकडे दाखवले जाते. २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासात सत्तेचाळीस हजारांहून अधिक अमेरिकन पुरुषांचा बारा वर्षे मागोवा घेतला होता. मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाउटचा धोका वाढलेला दिसला, कमी स्निग्धांशाच्या दुधादह्याने तो घटलेला दिसला. मसूर, वाटाणा, पालक यांसारख्या प्युरिनयुक्त शाकाहारी पदार्थांनी मात्र तो वाढला नाही. म्हणजे ठाण्यात राहून मामलेदारची मिसळ सोडायची आणि शनिवारी रात्रीची बिअर व कलेजी तशीच ठेवायची, हा हिशेब उलटा आहे. मद्यांमध्ये बिअर सर्वांत वाईट. साखर घातलेली शीतपेयेही धोका वाढवतात. चेंदणी किंवा दिवाळ्याच्या कोळीवाड्यात मासे बंद करा असे सांगणे व्यर्थ आहे. तारली, मांदेली, सुकट यांचे प्रमाण आवरते घ्या, हे सांगता येते. आणि इतके पथ्य सांभाळूनही आकडा साधारण एकाने उतरतो; ९.५ असलेल्याचे काम त्याने भागत नाही. उलट डाळ-उसळ बंद केलेल्या शाकाहारी ज्येष्ठांना प्रथिने कमी पडतात. कडक उपास आणि झटपट वजन उतरवण्याचे प्रयोगही टाळावेत, कारण त्या काळात यूरिक ॲसिड वाढते आणि झटका येऊ शकतो.

सोड्याबद्दल थोडक्यात. लघवी अल्कधर्मी केली की यूरिक ॲसिडचे मूतखडे विरघळू शकतात आणि त्यासाठी डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतातही. पण त्याने सांध्यात साचलेले स्फटिक पंधरा दिवसांत निघून जात नाहीत. रोजचा सोडा म्हणजे रोजचे जादा सोडियम, आणि गाउटच्या रुग्णांत रक्तदाबाचे रुग्ण पुष्कळ असतात.

ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकापासून वापरात आहे. ज्यांच्या संशोधनातून ते आले त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. यूरिक ॲसिड तयार करणारे विकर (एन्झाइम) ते अडवते. मूत्रपिंड आधीच कमकुवत असेल तर सुरुवातीची मात्रा कमी ठेवतात, यातून ‘गोळीच मूत्रपिंड बिघडवते’ हा समज निघाला असावा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांवरच्या २०२० मधल्या दोन चाचण्यांत या गोळीने तो आजार रोखला गेला नाही, पण बळावल्याचेही दिसले नाही. मूत्रपिंडाला खरा धोका आहे तो दर झटक्याला मेडिकलमधून परस्पर आणल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांचा. ॲलोप्युरिनॉलचा गंभीर धोका वेगळा आणि विरळा आहे : अंगावर पुरळ उठले तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांना गाठावे. एरवी मात्रा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवून सुरू करतात आणि आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात. जुने स्फटिक विरघळू लागताच पहिल्या काही महिन्यांत झटके येतात. रुग्ण गोळीला दोष देऊन ती सोडतो आणि संदेशाला आणखी एक साक्षीदार मिळतो. ते टाळण्यासाठी तीन ते सहा महिने कमी मात्रेत कोल्चिसिन हे सांध्याची सूज रोखणारे औषध जोडीला देतात. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच कोल्चिसिन असते. तिचा कंद विषारी आहे, तो घरी उकळण्याचा मोह कोणी करू नये. मोजलेली गोळी आणि उपटलेला कंद यांतला फरक जिवावर बेतणारा आहे.

शेवटचे विधान रिपोर्टचे. ऐन झटक्यात यूरिक ॲसिड अनेकदा नेहमीच्या मर्यादेत दिसते, त्यामुळे त्या दिवशीच्या रिपोर्टवरून गाउट नाही असे ठरवता येत नाही. झटका ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. गोळी चालू असताना आकडा ५.५ आला तर तो गोळीचा परिणाम असतो आणि ती बंद करताच तो पुन्हा चढू लागतो. निदानाबद्दल शंका असेल तर सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे हीच सर्वांत खात्रीची तपासणी आहे. सुजलेल्या सांध्यासोबत ताप असेल, तर तो गाउट आहे असे घरी गृहीत धरू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी रुग्णालयात जावे लागते.