लंगोट, डायपर आणि परदेशाची साक्ष

पुण्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला दोन महिन्यांपूर्वी मुलगा झाला आणि बारसे होण्याआधीच घरात एक वाद उभा राहिला, जो आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत चालू असेल. आमची आई आणि बहिणीच्या सासूबाई यांचे म्हणणे असे, की बाळाला सुती लंगोटच बांधावेत, कारण दिवसभर डायपर घातल्याने अंगावर पुरळ उठते आणि पाय फाकतात. बहीण आणि तिचे यजमान दोघेही नोकरी करतात. त्यांना डायपर हवा, कारण रात्री दर दीड तासाने ओले बदलायला उठून सकाळी कामावर जाणे त्यांना झेपत नाही. तिच्या नणंदेने तिसरा मार्ग सुचवला. तो म्हणजे टिचबटणांचे, रंगीत छापाचे तयार कापडी डायपर, ज्यांच्या वेष्टनावर ‘बारा तास कोरडे’ असे लिहिलेले असते.

पाय फाकण्याची भीती निराधार आहे. लहान मुलांचे पाय मुळातच किंचित वाकलेले असतात आणि साधारण दीड-दोन वर्षांत आपोआप सरळ होतात. त्यात डायपरचा दोष नाही. पण मला लिहावेसे वाटले ते वेगळ्या कारणाने. या वादात प्रत्येक बाजू परदेशाची साक्ष काढते. ‘तिकडे तर सगळे डायपरच वापरतात’ असे एक जण सांगतो आणि ‘आता तिकडचे लोकही कापडाकडे वळले’ असे दुसरा सांगतो. मी गेली सात वर्षे लंडनजवळ स्लाउ येथे राहते आणि माझी मुलगी बहुतांशी कापडावरच वाढली, त्यामुळे ही साक्ष मीच द्यावी अशी घरच्यांची अपेक्षा आहे.

पहिली गोष्ट अशी, की ब्रिटनमध्ये बहुसंख्य घरांत वापरून फेकण्याची नॅपीच (डायपरला इथे नॅपी म्हणतात) चालते आणि कापड वापरणारे अल्पसंख्य आहेत. त्यांना प्रोत्साहन मात्र मिळते. काही स्थानिक कौन्सिले कापडी नॅप्यांच्या खरेदीसाठी सवलत देतात आणि स्कॉटलंडमध्ये २०१७ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या घरी सरकारकडून जी पेटी येते, तिच्यातही धुऊन वापरण्याच्या नॅपीची सोय असते. दुसरी गोष्ट अशी, की कापड पर्यावरणाला चांगले की वाईट, याचे उत्तर इथल्या सरकारी अभ्यासांनाही एका शब्दात देता आलेले नाही. पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अभ्यासानुसार एका मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांत फेकण्याच्या नॅप्यांमुळे सुमारे ५५० किलो आणि कापडी नॅप्यांमुळे सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडत होता, म्हणजे फरक जवळजवळ नव्हताच. २०२३ मध्ये पर्यावरण खात्याने प्रसिद्ध केलेल्या नव्या अभ्यासात कापडाचा भार सुमारे २५ टक्क्यांनी कमी निघाला. वेष्टनावर छापायला हा दुसरा आकडा सोयीचा आहे, पण मला पहिल्या अभ्यासातला एक तपशील अधिक मोलाचा वाटतो. कपडे उघड्यावर वाळवले, यंत्र पूर्ण भरून चालवले आणि तेच कापड दुसऱ्या मुलालाही वापरले, तर ५७० मधले सुमारे २०० किलो वाचतात. उलट प्रत्येक वेळी वाळवणीयंत्र लावले, तर दोनशे किलोंहून अधिक वाढतात. कापड चांगले की वाईट, हे कापडाइतकेच दोरीवरही ठरते.

पैशांचा हिशेबही असाच फिरतो. अडीच वर्षांत साधारण ४,००० नॅप्या लागतात असे धरले आणि एक नॅपी १२ पेन्सला पडली, तर ४८० पौंड होतात. त्याऐवजी १५ पौंडांची एक अशा २० कापडी नॅप्या घेतल्या, तर ३०० पौंड लागतात. तिसऱ्या दिवशी एक, याप्रमाणे ३०० धुण्यांना प्रत्येकी एक युनिट आणि युनिटला २५ पेन्स धरल्यास आणखी ७५ पौंड होतात. म्हणजे शंभरेक पौंड वाचले. पण हीच ३०० धुणी वाळवणीयंत्रात टाकली आणि प्रत्येकीला तीन युनिटे लागली, तर २२५ पौंडांची भर पडते आणि कापड महाग ठरते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्या घरात ओले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न मला दर आठवड्याला पडत असे.

आता शोषणाकडे वळते, कारण ‘बारा तास’ या दोन शब्दांवर सगळी विक्री चालते. तान्हे बाळ ताशी वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन मिलिलिटर शू करते. म्हणजे आठ किलोंच्या बाळाची दहा तासांच्या रात्रीत सुमारे १६० मिलिलिटर शू होते, आणि ती थेंबाथेंबाने न होता एकेका झटक्यात होते. त्यामुळे कापड किती पाणी धरते एवढेच पाहून चालत नाही. ते किती लवकर ओढून घेते आणि बाळ त्यावर बसले किंवा कुशीवर वळले तरी धरून ठेवते का, हेही पाहावे लागते. फेकण्याच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिॲक्रिलेटचे बारीक दाणे असतात. शूमध्ये क्षार असूनही हे दाणे स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० पट द्रव घेऊन त्याचा गोळा करतात आणि दाब आला तरी सहसा सोडत नाहीत. कोणतेही कापड या बाबतीत त्यांची बरोबरी करू शकत नाही, हे कापडाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी मोकळेपणाने मान्य करावे. कापड स्वतःच्या तंतूंत थोडे आणि तंतूंमधल्या जागेत बरेचसे पाणी धरते. मायक्रोफायबर म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही, सगळे पाणी फटींत थांबते, म्हणून ते झटकन ओढते आणि दाब येताच तितक्याच झटकन सोडते. आईच्या मांडीवर बसलेल्या बाळाची नॅपी मांडीच्या कडेने झिरपते ती यामुळेच. सुती कापड मध्यम वेगाने ओढते आणि बऱ्यापैकी धरून ठेवते. बांबू म्हणून विकले जाणारे कापड बहुधा व्हिस्कोस, म्हणजे लगद्यावर रासायनिक प्रक्रिया करून काढलेला धागा असते. त्यात पाणी अधिक मावते, पण ते वाळायला वेळ घेते. भांगेच्या धाग्याचे कापड पाणी सर्वांत सावकाश ओढते आणि उत्तम धरते, मात्र त्यातला नैसर्गिक तेलकटपणा जायला आठ-दहा धुण्या लागतात.

वेष्टनावरच्या तासांवर विसंबण्यापेक्षा घरातला वजनकाटा अधिक विश्वासाचा आहे. कोरडी नॅपी तोलावी, रात्रभर वापरलेली तोलावी आणि वजाबाकी करावी. कोरडी ६० ग्रॅम आणि ओली २२० ग्रॅम भरली, तर तिच्यात १६० मिलिलिटर आहे. एवढे असूनही कपडे कोरडे राहिले, तर ती नॅपी रात्रीला पुरते. मात्र हे मोजमाप नव्या कापडावर करून उपयोग नाही, वीस-पंचवीस धुण्या झाल्यावर करावे. मऊपणासाठी वापरले जाणारे सुवासिक द्रव तंतूंवर थर चढवतात, पुरळावर लावायची तुपकट मलमेही तेच करतात, आणि आमच्या भागातल्यासारखे जड पाणी असेल तर क्षार आणि साबण साचून तीच नॅपी पाणी नाकारू लागते. माझ्याकडच्या सर्वांत महाग नॅप्या, ज्यांत आतले थर आणि बाहेरचे कव्हर एकत्र शिवलेले होते, सहा महिन्यांत अशाच निकामी झाल्या. जाड थरांच्या मधोमध साबण राहत असे आणि तिथली ओल कधी पूर्ण जातच नसे.

माझ्या बाळंतपणासाठी आई सहा महिने इथे आली होती आणि येताना जुन्या सुती लुगड्यांचे चौकोन घेऊन आली होती. मी ते प्रेमाने कपाटात ठेवले आणि विकतच्या नॅप्या वापरल्या. डिसेंबरमध्ये त्या वाळेनात, तेव्हा आईने ते चौकोन काढले, त्यांची लांबट घडी केली आणि वरून माझ्याच नॅपीचे बाहेरचे जलरोधक कव्हर घातले. घडी मोडली की कापड एकपदरी होते, म्हणून ते स्वच्छ खळबळते आणि हीटरवर काही तासांत वाळते. घातले की तेच आठपदरी होते. शोषणाच्या बाबतीत ते माझ्या महागड्या नॅप्यांना उणे नव्हते, आणि पन्नास धुण्यांनंतर तर सरसच ठरले. या सगळ्या बाजारात खरोखर नवे आणि उपयोगी असे काही असेल, तर ते हवा जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे ते पातळ कव्हर होय. आतले कापड आपल्या आज्यांनी निवडलेलेच पुरेसे आहे. उणीव लंगोटात नव्हती. त्याच्या बाहेर काही नव्हते, म्हणून दुपटे, गोधडी आणि आईचे लुगडे सगळेच भिजत असे.

म्हणून बहिणीला मी लिहिले, की इथला निष्कर्ष उचलून तिथे लावू नकोस, कारण तिथे ऊन आहे आणि ब्रिटिश हिशेबातला सर्वांत मोठा खर्च तुझ्या गच्चीवरच्या दोरीने वाचतो. पावसाळ्याचे चार महिने कठीण असतात, हे मला ठाऊक आहे. आमच्या आजीच्या काळी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर लंगोट वाळवत. एकपदरी कापड मात्र पंख्याखाली रात्रीतून वाळते. पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. हाताने धुतल्यास रोज तीन बादल्या सहज जातात, आणि मराठवाड्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आईला कोणी कापडाचा उपदेश करू नये. आपल्याकडच्या वादात याहूनही कमी बोलला जाणारा प्रश्न आहे, तो म्हणजे हे धुणार कोण. कापड स्वस्त पडते असे जेव्हा घरात सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा कोणा बाईच्या श्रमांची किंमत शून्य धरलेली असते, मग ती आजी असो, आई असो वा कामाला येणाऱ्या मावशी.

ती किंमत धरूनच मी हिशेब करून पाहिला. दहा रुपयांचा एक डायपर धरला, तर ४,००० डायपरांचे ४०,००० रुपये होतात. त्याऐवजी दिवसा सुती चौकोन आणि पाच कव्हरे यांना ४,००० रुपये, रात्रीच्या एकेका डायपरचे अडीच वर्षांचे सुमारे ९,००० रुपये, आणि धुण्यासाठी मावशींना दरमहा वेगळे ५०० रुपये म्हणजे ३० महिन्यांचे १५,००० रुपये, असे एकूण २८,००० होतात. मावशींचे पैसे देऊनही १२,००० रुपये उरतात. त्यातून साबण आणि पाणी वजा केले तरी कापड परवडते.

रात्रीचा तो एक डायपर मी मुद्दाम ठेवला आहे, कारण बाळाच्या आईची झोप हीही मोजण्याची वस्तू आहे आणि अधिक कोरड्या राहिलेल्या कातडीला पुरळही कमी येते. पण तो कुठे जातो, याकडे पाहावे लागेल. इथे वेल्समधील कार्डिगन ते अबेरिस्टविथ रस्त्याच्या डांबरात २०२२ मध्ये वापरलेल्या नॅप्यांचा पुनर्वापर केलेला तंतू मिसळला गेला, कारण तिथली कौन्सिले त्या वेगळ्या गोळा करतात. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिला हाताने कचरा वेगळा करतात. घनकचरा नियमांनुसार डायपर वेगळा गुंडाळून देणे बंधनकारक आहे आणि आत काय आहे ते न उघडता कळावे म्हणून त्या पुडीवर लाल ठिपका काढावा, असे या महिलांनी शहराला वारंवार सांगितले आहे. बहिणीने लाल पेन कचऱ्याच्या डब्याशेजारी दोऱ्याने बांधून ठेवले आहे, आणि आई आता चौकोन कापते आहे.